कोपरापाशी दहा किलोमीटर

देश एवढा मोठा होता की एका टोकाला दिवे लागायचे तेव्हा दुसऱ्या टोकाला दोरीवरचे कपडे अजून उन्हात वाळत असायचे. घड्याळ मात्र सगळ्या देशाला मिळून एकच. रेघबाई रोज संध्याकाळी सहाला नवऱ्याला फोन करायच्या. त्यांच्या खोलीत तेव्हा भिंतीवर ऊन असायचं आणि तिकडून नवरा म्हणायचा, "थांब जरा, दिवा लावतो." मग बटणाचा खटका ऐकू यायचा. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, त्यातली एकोणीस हा खटका ऐकण्यात गेली.

रेघबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाच्या तोंडी येत नसे, आणि त्यांचं काम एकच होतं, रेघ ओढण्याचं. देशाच्या वरच्या अंगाला शेजाऱ्याशी हद्दीवरून जुनं भांडण होतं. हजारेक किलोमीटरची हद्द. शेजारी म्हणे ती डोंगराच्या अलीकडून जाते, आपण म्हणायचो पलीकडून. परदेशातले छापखानेवाले हुशार. दोघांचीही मनं राखायला ते तिथं नुसते ठिपके छापून मोकळे व्हायचे. आपल्या सरकारला ठिपके खपत नसत. म्हणून कायदा असा होता की बाहेर छापलेला कुठलाही नकाशा बाजारात जाण्याआधी त्यावर आपली रेघ ओढली गेली पाहिजे, काळ्या शाईने आणि हाताने.

परदेशी माल जिथं रेल्वेने येऊन उतरायचा त्या गावात, समुद्रापासून शेकडो कोस आत, गोदामाच्या मागच्या बाजूला यासाठी एक खोली होती. दारावर 'नकाशा दुरुस्ती कक्ष' अशी पाटी. आत एक लांब टेबल, एक काचेचं टेबल, ज्याच्या पोटात दिवा होता, एक लोखंडी कपाट आणि रेघबाई. खिडकी नव्हती. उन्हाने शाई विटते असं कारण होतं, आणि ते खरंही होतं, पण खिडकी असती तरी समोर गोदामाची भिंतच दिसली असती.

नकाशा म्हणजे आपल्याला शाळेतलं पुस्तक आठवतं. बाईंच्या टेबलावर काय काय यायचं ते ऐकलं तर हसू येईल. ज्ञानकोश, पृथ्वीगोल, भिंतीवरची कॅलेंडरं ही तर रोजचीच. त्याशिवाय मुलांची जोडकोडी, जेवणाच्या टेबलावरच्या चटया, न्हाणीघराचे पडदे. एकदा जगाचा नकाशा छापलेले तीनशे रबरी चेंडू आले. हवा भरल्याशिवाय रेघ ओढता येईना. शिपायाने दीड दिवस फुंकून ते फुगवले, बाईंनी तीनशे रेघा ओढल्या, आणि हवा सोडताना शिपाई म्हणाला, "बाई, देशासाठी एवढा दम सीमेवर तरी कुणी खर्च केला असेल का?"

त्या रेघेला दहा वळणं होती. कक्षात त्यांना अंगाची नावं पडली होती. वरून सुरू होणारा खांदा, मग बगल, दंड, एका नदीपाशी आत वळणारं कोपर, मनगट, आणि शेवटी पाच लहान वळणांची बोटं. त्या सगळ्याला मिळून 'हात' म्हणायचे. पेन टेकवलं की बोटांपर्यंत उचलायचं नाही, हा नियम. बाई चेंडूवरचा करंगळीएवढा हात आणि भिंतीवरच्या नकाशावरचा वीतभर हात सारख्याच निवांतपणे काढायच्या. काढताना गोदामातल्या हमालांशी गप्पा मारायच्या. साहेब बदलून नवा आला की पहिल्या आठवड्यात त्याला हा खेळ दाखवायला आणत, आणि साहेब तोंडात बोट घाले.

हेच कौतुक बाईंच्या मुळावर आलं. नवरा देशाच्या दुसऱ्या टोकाला, बंदरात भरती-ओहोटी मोजायच्या कामावर होता. धक्क्याच्या पायऱ्या उतरून पट्टीवरचं पाणी वाचायचं आणि वहीत लिहायचं. त्याला इकडे बदली मागता येत नव्हती, कारण इकडे मोजायला समुद्र नव्हता. जायचं तर बाईंनीच जायचं होतं, आणि त्या बंदरातही सरकारी कचेरी होती, कारकुनाची जागा होती. मधे तीन रात्री आणि दोन दिवसांची गाडी होती, तीही वेळेवर आली तर. दरवर्षी बाई बदलीचा अर्ज करत, आणि दरवर्षी त्यावर एकच शेरा येई: पर्यायी व्यक्ती उपलब्ध नाही. नोकरी सोडावी तर पेन्शन बुडणार, आणि नवऱ्याची जागा एकोणीस वर्षं हंगामीच होती, त्यामुळे म्हातारपणी दोघांना पोसणारी तेवढी एकच पेन्शन. वर्षाकाठी दीड महिन्याचा संसार. त्यात मूल झालं नाही. डॉक्टर म्हणाले होते की दोघांत काही दोष नाही, फक्त दोघं एका घरात राहायला हवीत.

पर्यायी व्यक्ती शोधली नाही असं नाही. एकोणीस वर्षांत अकरा माणसं बाईंच्या हाताखाली दिली गेली. पद्धत अशी होती. उमेदवाराने सरकारी पुस्तिकेत छापलेली रेघ समोर ठेवून तीन महिने शिकायचं, मग मोठ्या कागदावर, दोन फूट लांबीचा हात एका दमात काढायचा. तो कागद काचेच्या टेबलावर चालू नमुन्यावर ठेवायचा, खालून दिवा लावायचा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर पास. परीक्षक अर्थात बाईच. चालू नमुनाही बाईंनीच काढलेला असे. कागद फुगतो, आकसतो, म्हणून दर वर्षाच्या पहिल्या दिवशी नवा नमुना काढायचा नियम होता. मूळ नमुना राजधानीहून आलेला, लाखबंद, लोखंडी कपाटात. त्यावरून काढायला दोन किल्ल्या आणि वरची परवानगी लागे, म्हणून पहिली दोनचार वर्षं बाईंनी गेल्या वर्षीच्या नमुन्यावरून नवा काढला. पुढे पुढे तेवढाही आधार घ्यायचं सोडलं. डोळ्यापुढे रेघ असताना कागद कशाला पाहायचा?

अकराच्या अकरा जण नापास झाले, आणि सगळे कोपरापाशी. त्यातला अलीकडचा एक पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याचा हात इतका स्थिर होता की चहाचा कप भरून उलट्या पंज्यावर ठेवून दाखवायचा. तोही कोपरापाशी चुकला. दिव्यावर दोन्ही रेघांमधे लांबट तांदळाचा एक दाणा मावेल एवढी फट दिसत होती. तेवढी फट म्हणजे जमिनीवर दहा किलोमीटर. तो म्हणाला होता, "बाई, मी पुस्तिकेत छापलीय तशीच काढतोय हो." बाई म्हणाल्या, "पुस्तिकेची रेघ जाड असते. तिच्यावर विसंबायचं नसतं. हातात यावी लागते." तो मान खाली घालून गेला. पुढे तो परत पाट्या रंगवायला लागला असं कुणीतरी सांगितलं.

बाई चौपन्न वर्षांच्या झाल्या त्या वर्षी नवरा धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरला. खुब्याचं हाड मोडलं. हाडात सळई घातली, पण चालणं काठीवर आलं. पायऱ्या उतरायला दुसरा माणूस दिला आणि नवऱ्याला टेबलाशी बसवलं. शेजारची बाई डबा द्यायची. फोनवर तो म्हणायचा, "मजेत आहे. आता पाणी माझ्याकडे चालत येतं." त्या मजेत आंघोळीला तास-तास लागतो हे बाईंना कळत होतं. आणि विभागाचा नियम होता की पंचावन्नानंतर विनंती बदली नाही. त्यांच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला चार महिने उरले होते.

त्याच आठवड्यात बारावी उमेदवार आली. तिशीतली, डावखुरी, म्हणून तिला सगळे डावरी म्हणू लागले. "डाव्या हाताला ही रेघ येत नाही, वळणं उलटी पडतात," असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. डावरी म्हणाली, "मग मी खालून वर काढते. बोटांपासून खांद्यापर्यंत. नियमात कुठं सुरुवात करायची ते लिहिलंय का?" बाईंनी नियमांची फाइल काढून पाहिली. लिहिलं नव्हतं. एकोणीस वर्षांत हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता, बाईंच्याही नाही.

डावरीची चार वर्षांची मुलगी होती, सासूपाशी ठेवलेली, एका रात्रीच्या प्रवासावर. "दोन वर्षं इथं काढली की बदली मिळते असं भरतीच्या वेळी सांगितलंय," ती म्हणाली. बाईंनाही भरतीच्या वेळी दोनच वर्षं सांगितली होती.

बाईंनी या वेळी जीव तोडून शिकवलं. आजवर शिकवत होत्या ते, खरं सांगायचं तर, वरवरचं होतं. करून दाखवायच्या, समोरचा थक्क झाला की खूश व्हायच्या, आणि त्याला जमलं नाही की आणखी खूश. या वेळी त्यांनी डावरीच्या मागे उभं राहून तिचा हात धरला, मनगट कुठं सैल सोडायचं ते सांगितलं, श्वास कुठं घ्यायचा ते सांगितलं. तीन महिन्यांनी डावरीने एका दमात हात काढला, खालून वर. बाईंनी तो चालू नमुन्यावर ठेवला, दिवा लावला. बोटं बसली, मनगट बसलं. कोपरापाशी तांदळाचा दाणा.

बाई खुर्चीत बसल्या. रडू यायचं बाकी राहिलं होतं. वाढदिवसाला पंचवीस दिवस उरले होते.

डावरी म्हणाली, "बाई, कोपर पुस्तिकेत असंच आहे."

"पुस्तिकेची रेघ जाड असते," बाई सवयीने म्हणाल्या. आणि मग त्यांच्या मनात आलं की या पोरीचा डोळा चांगला आहे. हिला एकदा बारीक रेघेचा मूळ नमुना नुसता पाहू दिला तरी ही चूक सुधारेल. हे त्यांना आधी का सुचलं नाही याचं त्यांना नवल वाटलं. त्या तडक साहेबांकडे गेल्या आणि मूळ नमुना उघडायची परवानगी मागणारा अर्ज हातोहात पुढे सरकवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

परवानगी आठवड्याने आली. उमेदवारासमोर मूळ नमुना उघडता येणार नाही, आधी परीक्षकाने आणि साहेबांनी तो तपासावा, असं त्यात लिहिलं होतं. डावरीला बाहेर बाकावर बसवलं. साहेबांनी दोन्ही किल्ल्या लावल्या, लाख फोडली. आतला कागद पिवळा पडला होता, पण रेघ ताजी होती. साहेब म्हणाले, "सहज म्हणून तुमचा चालू नमुना यावर ठेवून बघू या. एकोणीस वर्षांनी कसा बसतो ते बघू." त्यांना कौतुकच करायचं होतं.

दिवा लावला. खांदा बसला, बगल बसली, दंड बसला. कोपरापाशी रेघ सुटी झाली आणि तांदळाच्या दाण्याएवढी आत गेली, आपल्या देशाच्या अंगाला. मनगटापाशी परत येऊन मिळाली.

साहेबांना पहिल्यांदा कळलंच नाही. बाईंना कळलं. त्यांनी डावरीचा कागद घेतला आणि मूळ नमुन्यावर ठेवला. तो खांद्यापासून बोटांपर्यंत बसला. मग कपाटाच्या खालच्या कप्प्यातून जुन्या परीक्षांचे कागद काढले. पाटीवाल्याचा बसला. त्याच्या आधीच्या दोघांचेही बसले. एकाचं कोपर बसलं, पण मनगट खरंच चुकलेलं होतं, बाकी सगळे बसले. साहेब म्हणाले, "पुरे. आता पुरे."

दर वर्षी नव्या नमुन्यात केसभर. केसभराला कोण विचारतं? पण तो केस दर वर्षी आतच सरकत गेला होता, आणि आपल्या देशाचा दहा किलोमीटर रुंदीचा पट्टा, नदीसकट, शाळांच्या पुस्तकांत, ज्ञानकोशांत, न्हाणीघराच्या पडद्यांवर त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकला होता. सरकारने हद्द राखायला बसवलेली बाई. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला बाईंच्या मनात देश नव्हता. मनात एवढंच होतं की पहिला उमेदवार, अठरा वर्षांपूर्वीचा, ज्याला त्यांनी केसभर फटीवरून नापास केलं होतं, तो बरोबर होता. त्याला पास केलं असतं तर त्या छत्तीसाव्या वर्षी त्या गाडीत बसल्या असत्या. छत्तीस म्हणजे काही फार नव्हे. काय काय होऊ शकलं असतं. दार बाहेरून कुणी लावलंच नव्हतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला आठ महिने उरलेला माणूस जेवढा घाबरेल तेवढे घाबरले होते. त्यांनी दार आतून लावलं आणि हळू आवाजात बोलायला लागले.

"बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. हे तुम्हाला माहीत आणि मला माहीत. नमुना परत लाखबंद करतो. पास-नापास तर तुमच्या चालू नमुन्यावर ठरतं ना? अजून सतरा-अठरा दिवस आहेत. त्या मुलीला तुमचं कोपर शिकवा. ती पास होईल, मी तुमच्या अर्जावर सही करतो. तुम्ही सुटलात, मी सुटलो."

"आणि ती?"

"तिला काय होतंय? सरकारी नोकरी आहे."

बाईंनी मान हलवली. नाही म्हणाल्या असं इथं लिहायला मला आवडलं असतं, पण त्या हो म्हणाल्या. नवऱ्याचा खुबा, शेजारणीचा डबा, पंचावन्नावा वाढदिवस, सगळं एका बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला एक केस. त्या बाहेर आल्या आणि बाकावरच्या डावरीला म्हणाल्या, "कोपर थोडं आत घ्यावं लागेल."

डावरी निमूटपणे घ्यायला लागली. तिला ते जमेना. हात बरोबर जागी जायचा आणि ती त्याला मागे ओढायची. पहिले दोन दिवस ती म्हणत होती, "बाई, इथं नदी आहे ना, ती पुस्तिकेत आपल्या बाजूला आहे." तिसऱ्या दिवशी तिने नदीचं नाव काढलं नाही. पाचव्या दिवशी तिने स्वतःच काढलेले दोन कागद दिव्यावर धरले आणि म्हणाली, "माझा डोळाच वाईट असणार. एवढी साधी गोष्ट मला दिसत नाही." आणि हसली. ते हसू बाईंनी अकरा वेळा पाहिलं होतं. प्रत्येक वेळी त्यांना वाटलं होतं की हा माणूस नम्र आहे.

सातव्या दिवशी कोपर आलं. डावरीने रेघ ओढली, बाईंनी चालू नमुन्यावर ठेवली, फट नव्हती. डावरीने पहिल्यांदा बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "मुलीला सांगते, आई पास झाली," ती म्हणाली. मग विचारलं, "बाई, पुढे माझ्यानंतर जो कुणी येईल त्याला मी हे कसं शिकवू? पुस्तिकेत तर नाही."

बाईंना जे टाळायचं होतं ते तिने सरळ समोर ठेवलं होतं. पुढचा जो येईल तो पुस्तिकेप्रमाणे काढेल. तो नापास होईल. त्याच्यानंतरचाही. डावरीचे अर्ज जातील, शेरे येतील, आणि मुलगी सासूपाशी मोठी होईल. बाईंना ती मुलगी माहीत नव्हती, तिचा साधा फोटोही पाहिला नव्हता. तरी त्यांना ते झेपलं नाही. आपलं आयुष्य आपल्या हाताने गेलं ते गेलं. तिथं निदान आपल्याला माहीत नव्हतं.

त्यांनी निकालपत्राचा छापील कागद ओढला. डावरीला म्हणाल्या, "तुझा आधीचा कागद काढ. पहिल्या परीक्षेचा." तो निकालपत्राला टाचला आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: उमेदवार उत्तीर्ण, मूळ नमुन्याशी ताडून. परीक्षकाचा चालू नमुना कोपरापाशी दहा किलोमीटर चुकीचा आहे. याआधीच्या अकरापैकी दहा उमेदवार उत्तीर्ण होते. खाली सही केली आणि कागद साहेबांकडे न नेता थेट टपालाच्या थैलीत, राजधानीच्या कप्प्यात टाकला. डावरी बघत राहिली. तिला सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती रागावली, आणि तिचं चूक नव्हतं. "सात दिवस तुम्ही माझा डोळा वाईट म्हणू दिलात मला," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "हो."

साहेबांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. राजधानीहून उत्तर आलं ते बाईंच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. डावरीची नेमणूक पक्की, आणि दर वर्षीचा नमुना यापुढे मूळ नमुन्यावरूनच काढायचा. जुन्या दहा उमेदवारांना कळवायचं की ते पास होते. बाईंबद्दल चार ओळी होत्या. डावरीने तो कागद आणून दिला आणि न सांगता त्यांच्यासमोर चहा ठेवला. मग लांब टेबलाशी बसून खालून वर एक हात काढायला घेतला.

बाई कागद घेऊन खोलीवर आल्या. भिंतीवर ऊन होतं. सहाला त्यांनी फोन लावला. "थांब जरा," नवरा म्हणाला. काठीचा आवाज आला, मग खटका. तो परत खुर्चीत बसेपर्यंत बाई थांबल्या, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. कुठंही स्वतःला वाचवलं नाही. अठरा वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या मुलाचंही सांगितलं.



"आठवतो मला तो मुलगा," नवरा म्हणाला. "तो नापास झाला त्या संध्याकाळी तू फोनवर किती हसत होतीस. म्हणालीस, माझी रेघ कुणाच्या बापाला यायची नाही. इतकी खुशीत मी तुला लग्नातही पाहिली नव्हती."

बाईंना आठवत नव्हतं. मग आठवलं.

"मी फोन ठेवला आणि म्हटलं, हिला तिथंच बरं वाटतंय," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी तसंच. कुणी नापास झालं की तुझा आवाज वेगळा यायचा."

"मी अर्ज करत होते. दरवर्षी."

"करत होतीस. मला वाटायचं, माझं मन राखायला करतेस. म्हणून मी कधी ये म्हटलं नाही. म्हटलं, उगाच कशाला अडचणीत टाका. तुला यायचंच नाही असं धरून चाललो मी."

त्याला दोष द्यावा तर त्याचं काय चुकलं? तो तिकडे पाणी मोजत बसला होता आणि जे ऐकू आलं ते खरं मानत होता. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ते जाऊ दे," नवरा म्हणाला. "आता विचारतो. एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही, आता विचारतो. येतेस का?"

बाईंच्या मांडीवर राजधानीचा कागद होता. नियमाप्रमाणे विनंती बदलीची मुदत उद्या संपत होती. चौकशी पूर्ण होईपर्यंत राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती किंवा रजा मंजूर होणार नव्हती, आणि गाव सोडायचं नव्हतं. एकोणीस वर्षांत कक्षातून गेलेल्या प्रत्येक नकाशाची यादी बाईंनी स्वतः करून द्यायची होती. चौकशीला किती दिवस लागतील ते कागदात लिहिलं नव्हतं.

"यायचंय," बाई म्हणाल्या. "खरंच यायचंय मला."

"मग ये," तो म्हणाला.

आणि मग तो कागद त्यांना त्याला वाचून दाखवावा लागला.